शिळा आवाज

आमच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नक्की काय चालतं, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर पाटी होती, पण तिच्यावर नुसतंच 'सॉफ्टवेअर' लिहिलेलं होतं, आणि त्या काळात हा शब्द कशावरही पांघरूण घालायला पुरायचा. एक बाई आणि एक पुरुष सकाळी दहाला येतात, दोन खोल्यांत दोघं बसतात, मधलं दार लावून घेतात आणि दिवसभर एकमेकांना 'हॅलो, एक दोन तीन, ऐकू येतंय का?' असं विचारत राहतात. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं मला एकदा न राहवून विचारलं, "बाई, हितनं हाक मारली तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जातंय की. मग फोन कशाला?"

इंटरनेटवरून फोन करता येतो, हे तेव्हा लोकांना उडत उडत कळलं होतं, आणि त्यात काहीतरी काळंबेरं असणार हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. एके दिवशी गिरणीवाला एका माणसाला घेऊन आला. "ह्या पावण्यास्नी दुबईला बोलायचंय. तुमच्यात सस्त्यात लागतंय म्हणं." आम्ही तसलं काही करत नाही, आम्ही फक्त संस्थांच्या आपापसातल्या फोनचे प्रोग्रॅम लिहितो, असं मी सांगितलं. पावणं हसले, खुर्ची ओढून बसले आणि तासभर आमच्या खोलीतल्या वायरी बघत राहिले. जाताना चहाही घेतला नाही. तो खरंच गिऱ्हाईक होता की कुणी चौकशीला पाठवलेला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

लोकांनी आमच्यावर संशय घ्यावा आणि आम्ही आमच्या कामावर, असे ते दिवस. माझ्या कामाची मुळात हीच रीत आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीकडं डोळे बारीक करून बघायचं असतं. मी तसं बघायची, आणि त्याचा मला अभिमानही होता. जिथं बघितलं नाही, तिथली ही गोष्ट आहे.

त्याआधी थोडं कामाबद्दल सांगते, फार नाही. कॉम्प्युटरमधून आवाज जातो तो अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, एकेक तुकडा वायरीतून पलीकडं जातो आणि तिथं ते पुन्हा ओळीनं लावून ऐकवले जातात. काही तुकडे लवकर पोचतात, काही रेंगाळतात. म्हणून ते जमवून ठेवायला थोडी जागा लागते. ही जागा कॉम्प्युटरच्या मेमरीत. फोन सुरू झाला की प्रोग्रॅमनं जागा मागायची, फोन संपला की परत करायची. परत करायला विसरलं तर मशीन हळूहळू तुंबत जातं आणि आठवड्याभरानं मान टाकतं. दोनदा परत केली तर त्याच क्षणी मान टाकतं. आम्ही निम्मं आयुष्य हे मागणं आणि परत करणं जुळवण्यात घालवलं.

दर फोनला जागा मागायची म्हटलं तर वेळ जातो, आणि आवाजाला थांबायची सवय नसते. म्हणून मी एक युक्ती काढली. सुरुवातीलाच मेमरीचा एक मोठा तुकडा मागून घ्यायचा, त्याचे सारखे कप्पे पाडायचे आणि वाटप आपणच करायचं. एका कप्प्यात चारेक सेकंदांचा आवाज बसायचा. फोन आला की कप्पा द्यायचा, फोन संपला की काढून घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. देण्याआधी कप्पा पुसायची एक ओळ मी आधी लिहिली होती. जुनी, मंद मशिनं होती, प्रत्येक ओळ जड वाटायची. एका दुपारी मी ती ओळ काढून टाकली. पुसायचं कशाला? नवा आवाज येणार आणि जुन्यावर बसणारच. माझा भागीदार विनायक शेजारून म्हणाला, "सुलभा, खात्री आहे ना?" मी म्हटलं, "शंभर टक्के."

त्यानंतर काही महिन्यांनी आम्हाला एका दूध संघाचं काम मिळालं. संघाचं नाव सांगत नाही, शाहूवाडीच्या अंगाला होता एवढं पुरे. मुख्य ऑफिस सखल भागात, आणि दूध थंड करायची चिलिंग सेंटरं डोंगरात विखुरलेली. साधे फोन पावसाळ्यात महिना महिना बंद. संघानं डोंगरावर खांब उभे करून कॉम्प्युटर वायरलेसनं जोडून घेतले होते, त्याच जोडणीवरून बोलणंही न्यावं ही विनायकची कल्पना. कुठूनही कुठंही लावलेला फोन मुख्य ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधूनच जायचा. विनायकला माणसं बोलून आपलीशी करता यायची. मी कप्पे सांभाळायची.

संघाच्या ऑफिसात जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्याच्यासमोर गंगाक्का. गडहिंग्लजच्या पलीकडचं माहेर, कपाळावर विभूतीचं बोट, डोक्यावर हेडफोन, आणि समोर एक वही. कुणाचा फोन कुणाला, किती वाजता जोडला, हे ती वळणदार अक्षरात लिहायची. वीस वर्षं. आमची यंत्रणा आली तरी बाहेरून येणारे फोन तिच्याच हातून आत जायचे, म्हणून मी तिला शिकवायला बसले. ती माझ्याकडं न बघता कॉम्प्युटरच्या डब्याकडं बघत होती.

"बाई, हे यंत्र बोलणं कुठं ठेवतंय ओ?"

"कुठंच नाही. आलं आणि गेलं."

"गेलं म्हंजे कुठं?"

"म्हणजे पुसलं गेलं, अक्का. त्याच्यावर दुसरं आलं."

"मग पुसलं म्हणा की दुसरं आलं म्हणा. दोन्ही एक व्हय?" ती म्हणाली आणि फोन वाजला म्हणून वळली. मला वाटलं, म्हातारीला नवं काही नकोय.

दोन महिने सगळं छान चाललं. मग संचालकांच्या निवडणुकीचे वारे सुरू झाले. संघात दोन गट होते, एक चेअरमनसाहेबांचा, दुसरा व्हाईस चेअरमनांचा. एके दिवशी व्हाईस चेअरमन आपल्या केबिनमध्ये बसले असताना डोंगरातल्या एका केंद्रावरून फोन आला. त्यांनी उचलला, आणि 'हॅलो'च्या ऐवजी त्यांना चेअरमनसाहेबांचा आवाज ऐकू आला. अगदी स्वच्छ. "त्या दोघांची नावं आधी कापा." मग खरखर झाली आणि केंद्रावरचा माणूस बोलायला लागला.

ती दोन नावं कुणाची, हे व्हाईस चेअरमनना बरोबर कळलं. अर्ध्या तासात ऑफिस दोन तटांत उभं राहिलं. चेअरमनसाहेबांना वाटलं, आपलं बोलणं कुणीतरी मुद्दाम ऐकवलं. व्हाईस चेअरमनना वाटलं, आपलंही ऐकत असणार. आणि संघात दुसऱ्याचं बोलणं ऐकता येईल अशी खुर्ची एकच होती. जिन्याखालची.

मॅनेजरनी मला बोलावून घेतलं. सभ्य माणूस, पण तेव्हा घामाघूम झालेला. "मॅडम, एकच सांगा. तुमच्या सॉफ्टवेअरमधून असं होऊ शकतं का?"

मी क्षणभरही थांबले नाही. दोन फोनचे दोन कप्पे. एकातलं दुसऱ्यात जायला वाटच नाही. "शक्य नाही."

"लेखी द्याल?"

मी लेखी दिलं. 'एका कॉलमधील आवाज दुसऱ्या कॉलमध्ये जाणे या प्रणालीत शक्य नाही.' खाली सही, तारीख, शिक्का. त्या कागदाचा दुसरा अर्थ काय होतो हे मला कळत होतं. यंत्र नाही, म्हणजे माणूस. मी ते कळूनही दिलं, हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गंगाक्काला चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. मी तिथंच होते. तिनं हेडफोन काढला, पदरानं पुसून खुंटीला अडकवला. वही पिशवीत घालायला लागली तर मॅनेजर म्हणाले, वही ऑफिसची आहे. "अक्षर माझं हाय," ती म्हणाली, आणि घेऊन गेली. कुणी अडवलं नाही. दारात माझ्याशी नजरानजर झाली. मीच उगाच कॉम्प्युटरच्या मागं वाकून वायर बघायला लागले.

बोर्डावर हजेरी विभागातला एक कारकून बसवला. आणि तक्रारी थांबल्या. एकही आली नाही. आता सगळ्यांनाच खात्री पटली, मलासुद्धा.

चार दिवसांनी विनायक एका केंद्रावरच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड बदलायला भल्या सकाळी गेला. तिथूनच तो परस्पर पुण्याला जाणार होता, सामान आणायला. मी दुपारी डोंगरातल्या दुसऱ्या एका केंद्रावर गेले. तिथली जोडणी फार अशक्त होती, पाऊस नसतानाही आवाज तुटायचा. तीनच्या सुमाराला मी तिथून पलीकडच्या खोऱ्यातल्या केंद्राला फोन लावला. पलीकडच्यानं उचलला, पण त्याच्या आवाजाऐवजी मला विनायकचा आवाज ऐकू आला.

"तिला एवढ्यात सांगू नका. कळलं तर अडवून बसेल."

मागं काहीतरी धडधड आपटत होतं. मग तुटलं, आणि केंद्रावरचा माणूस, "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?"

मी फोन खाली ठेवला. विनायक तोवर पुण्याला पोचलेला असायला हवा होता. म्हणजे तो गेलाच नव्हता. इथंच होता, संघाच्या लाइनवर, कुणाशी तरी माझ्याबद्दल बोलत होता.

पुढचे तीन दिवस आठवले की मला माझीच लाज वाटते. मी प्रोग्रॅमच्या सीडी ऑफिसातून घरी नेल्या. पासवर्ड बदलला. तो पुण्याहून आल्यावर बसचं तिकीट कुठं दिसतंय का ते टेबलावर शोधलं. त्याला विचारलं, "कसा झाला प्रवास?" आणि तो "ठीक" म्हणाला तेव्हा त्या एका शब्दातही मला काहीतरी लपवलेलं ऐकू आलं. एवढ्यातच एका मोठ्या कंपनीनं आमच्या कामाची विचारपूस केली होती. हा परस्पर विकतोय, मी मनाशी ठरवूनही टाकलं. तो काय म्हणाला, कुणाला म्हणाला, का म्हणाला, याचे मी शंभर अर्थ लावले. ते माझ्या कानापर्यंत आलंच कसं, हा प्रश्न मात्र एकदाही मनात आला नाही. मी प्रोग्रॅमर, आणि मला तोच प्रश्न सुचला नाही.

गंगाक्काकडं मी गेले तीही माफी मागायला नव्हे. तिची वही बघायला गेले. विनायक आधीपासून संघातल्या कुणाशी वरचेवर बोलत होता, ते त्यात सापडेल असं मला वाटलं.

ती संघाच्या कॉलनीत राहायची. दारात सुपात शेंगदाणे घेऊन बसली होती. मला बघून उठली नाही, पण चटई सरकवली.

"आलासा? बसा. अजून काय लेखी द्याचं ऱ्हायलंय?"

मी बसले. वहीचा विषय काढला. कशाला हवी, तिनं विचारलं. खोटं सांगायला लागले आणि जमलं नाही. मग जे ऐकलं ते सगळं सांगून टाकलं.

तिचे हात सुपात थांबले. "म्हंजे मी घरात बसलो, तरी आलंच की दुसऱ्याचं बोलणं."

एवढी साधी गोष्ट मला तोपर्यंत दिसली नव्हती.

"कवा आलं?"

"दुपारी तीनला."

"हॅलोच्या आदी का मागनं?"

"आधी. अगदी सुरुवातीला."

"मागं काय वाजत हुतं म्हणालासा?"

"काहीतरी आपटत होतं. पत्र्यासारखं. धड, धड."

"कॅन," ती म्हणाली. "दुधाचं कॅन उतरत्यात तसं. बाई, कॅन सकाळी येत्यात. नवाच्या आत सगळं मोकळं हुतंय. तीनला सेंटरात एक माणूस नि फोन, कॅन एकबी नसतंय." ती माझ्याकडं टक लावून बघायला लागली. "ते तीनचं बोलणं न्हवं. सकाळचं हाय. शिळं हाय."

मी मनातल्या मनात सकाळपासून तीनपर्यंतचे तास मोजले.

"वीस वर्षं तारा जोडतोय मी. माझ्या हातनं चूक झाली तर ह्याचं बोलणं त्याला ऐकू जाईल, पर ते त्या टायमालाच. तार काय आवाज धरून ठेवत न्हाय. धरून ठेवणारं एकच हाय तितं. तुमचा डबा."

मला तो कप्पा दिसला. सकाळी विनायकच्या आवाजानं भरलेला, मग परत आलेला, न पुसता तसाच ठेवलेला. दुपारी तो दुसऱ्या फोनला दिला गेला. नवा आवाज येऊन जुन्यावर बसणार होता. पण डोंगरातली जोडणी अशक्त, पहिले तुकडे आलेच नाहीत. आणि प्रोग्रॅमनं, माझ्या प्रोग्रॅमनं, कप्प्यात जे पडलेलं होतं ते इमानानं वाजवलं. मंगळवार पेठेत दोन खोल्यांमध्ये धडधाकट वायर होती, तिथं तुकडे कधी हरवलेच नाहीत. मग चूक दिसणार कुठून?

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही हे आधीच का नाही सांगितलंत?"

"कुणी इचारलं?"

आमच्या ऑफिसात परत येऊन मी काही न बदलता प्रोग्रॅमवर फोन लावला, 'एक दोन तीन' म्हटलं, ठेवला. मग पुन्हा लावला आणि लागताक्षणी वायर उपसली. कानात माझाच आवाज आला, एक दोन तीन. विनायक दारात उभा होता. मी हेडफोन त्याच्या हातात दिला. त्यानं ऐकलं आणि खुर्चीत बसला.

"आता एक सांग," मी म्हटलं. "'तिला एवढ्यात सांगू नका', हा तुझा आवाजही मला असाच ऐकू आला. कुणाला एवढ्यात कळायला नको होतं?"

त्याला आधी काही समजेना. मग समजलं, आणि त्याचा चेहरा पडला. "तुला वाटलं तुझ्याबद्दल? अगं, गंगाक्काबद्दल. आपली यंत्रणा पूर्ण बसली की ऑपरेटरची जागा काढायची, असं ठरलंय त्यांचं. मॅनेजर विचारत होते, तिला आत्ताच सांगू का. मी म्हटलं, आधी काम होऊ द्या."

म्हणजे माझ्यामागं काही चाललं नव्हतं. तिच्यामागं चाललं होतं. मला हायसं वाटलं, आणि वाटलं त्याचंच वाईट वाटलं.

"आज गुपचूप नवी आवृत्ती टाकू," विनायक म्हणाला. "एका ओळीचं तर काम आहे. कुणाला कळणार नाही. चौकशीत काही निघणार नाही, मग ती येईल परत."

"काही निघालं नाही असं लिहून? म्हणजे सापडली नाही एवढंच?"

"सुलभा, हे बाहेर गेलं तर आपल्याला पुढचं काम कोण देईल?"

त्याचं चुकीचं नव्हतं. आणखी दोन संघांशी बोलणी चालू होती. आम्ही दोघं बराच वेळ भांडलो, गिरणीवाल्याला कान टवकारायची गरज पडली नसेल. शेवटी मी म्हटलं, पहिल्या कागदावर सही माझी एकटीची आहे, दुसऱ्यावरही माझी एकटीची राहील.

चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये मी, विनायक आणि मॅनेजर. मी सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तिला वाचवायला आलाय."

"नाही साहेब. यंत्रात चूक आहे. माझी चूक आहे."

"मागल्या खेपेला लेखी दिलं की यंत्रात चूक न्हाय. आता म्हणताय हाय. तिकडनं कुणी काय सांगितलं का तुम्हाला?" तिकडनं म्हणजे व्हाईस चेअरमनांकडून.

बोलून उपयोग नव्हता. मी त्यांना फोन उचलून काहीही बोलायला सांगितलं. त्यांनी संशयानं फोन उचलला आणि म्हणाले, "टँकर वेळेवर सोडा." मी तो फोन तोडला, नवा लावला, लागताक्षणी मागची वायर उपसली आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला दिला. टँकर वेळेवर सोडा. त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा कानाला लावला.

"परत करा."

मी परत केलं. तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मॅनेजरना आणि विनायकला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर ते पुढं झुकले, आवाज एकदम मऊ.

"बाई, हे एका लायनीपुरतं असंच ठेवता येतंय का?"

कुणाची लाइन, ते विचारायची गरज नव्हती. मी लगेच नाही म्हटलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं असं की माझ्या डोक्यानं आधी हिशेब केला. करता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. मग पदरानं हेडफोन पुसणारी गंगाक्का आठवली आणि मी म्हटलं, "नाही साहेब, येत नाही." ते खोटं होतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी मला कधी बसा म्हटलं नाही.

त्याच दुपारी मी ती पुसण्याची ओळ परत लिहिली, या वेळी फोन संपताक्षणीच कप्पा पुसेल अशी. दुसरा कागदही दिला, शिक्क्यासकट. पुढच्या आठवड्यात वेगवेगळ्या केंद्रांवरून तिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, आता ते मधनं मधनं यायचं ते बंद झालं व्हय?" म्हणजे इतके दिवस सगळे ऐकत होते. गंगाक्काला घरी बसवल्यावर तक्रारी थांबल्या त्या आवाज थांबला म्हणून थांबल्या नव्हत्या. बोललो तर आपल्यावर येईल, आणि ऐकायला तर मजा येत होती. एक बाई त्यापायी घरी बसली आहे, हे ठाऊक असलेली ही माणसं.

दुसऱ्या दोन संघांनी आम्हाला नको म्हणून कळवलं. 'ऐकणारं यंत्र' असं आमचं नाव पडलं होतं. विनायक वर्षभरात खरोखरच पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत. जाताना आम्ही भांडलो नाही. पण ते तीन दिवस मी काय काय शोधत होते, हे त्याला कळलं होतं, आणि नंतर आमच्यात ते बोलणं कधी झालंच नाही.

गंगाक्का बोर्डावर परत आली. मी दुसऱ्या कागदाची प्रत तिला दिली. तिनं ती दोनदा वाचली, घडी घालून कनवटीला लावली. जागा जाणार असल्याचं तिला सांगायचं मी ठरवूनच गेले होते. तोंड उघडणार तोच तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि मला बाहेर सायकल स्टँडपाशी नेलं.

"आता बोला."

मी सांगितलं. तिला धक्का बसला नाही.

"म्हाईत हाय. साहेब मला 'अगं गंगे' म्हणत हुतं वीस वर्षं. दिवाळीपासनं 'अहो गंगाक्का' म्हणाय लागलं. तवाच कळलं की दिवस भरलं."

मी कसनुसं हसले. ती हसली नाही.

तिची जागा गेली ती त्यानंतरच्या मार्चमध्ये. शेवटच्या दिवशी तिनं मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. नारळ, शाल, फोटो, सगळं आटोपलं होतं. ती जिन्याखालच्या खोलीत आमच्या कॉम्प्युटरसमोर उभी होती, हातात पिशवी.

"बाई, माझं काय ऱ्हायलंय का आत, ते दावा."

"काही राहिलं नाही, अक्का. आता प्रत्येक फोननंतर पुसतो आपण."

"तुम्ही म्हणतासा. मला दावा."

मी बसले. मेमरीतले कप्पे जसेच्या तसे पडद्यावर दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम माझ्याकडं होता, तो चालू केला. पडदाभर शून्यं. तिनं चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"शून्य म्हणजे रिकामं."

"खाली घ्या."

मी खाली घेतलं. शून्यं. आणखी खाली. मला वाटलं दोन-चार पडदे बघेल आणि उठेल. ती उठली नाही. बोट पडद्यावर सरकत राहिलं, मी कळ दाबत राहिले. बाहेर तिला न्यायला आलेला मुलगा दोनदा डोकावून गेला. सगळे कप्पे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, तिनं मला दाखवायला लावले.

शेवटची ओळ आली तेव्हा तिनं चष्मा काढून डबीत ठेवला.

"हं," ती म्हणाली. "आता जातो."